कडोबा

वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोक पाडायला लागलं आणि सुदर्शनच्या हातातला कप बशीत नीट बसलाच नाही. कलंडला. मशीन आधी नुसतंच घसरत राहतं, भिंत त्याला धरू देत नाही. मग एकदम आवाज जाड होतो आणि कळतं, की आता आत शिरलं. तो जाड आवाज त्याला कानापेक्षा मनगटात आधी ऐकू आला. कोपरापर्यंत मुंग्या चढल्या. नाकात जळक्या दगडाचा वास भरला. खरं तर यवतच्या या हायवेकाठच्या फ्लॅटमध्ये दगड औषधालासुद्धा नव्हता. होत्या त्या हलक्या पोकळ विटा, त्यावर गिलावा आणि गिलाव्यावर बदामी रंग. तरी वास आला. चहा टेबलावरून ओघळून फरशीवर थेंबथेंब पडत होता आणि तो बघत बसला होता. पूनम सकाळच्या एसटीनं कवठ्याहून परतली होती. माहेर आणि सासर दोन्ही कवठे येमाईचंच, त्यामुळं तिच्या पिशवीत दोन्ही घरचं काहीबाही होतं: शेंगा, लसूण, त्याच्या आत्यांनी दिलेलं तूप, आणि कागदाची एक पुडी. पुडी सोडून तिनं चिमूट घेतली आणि त्याला नको म्हणायला सवड न देता त्याच्या कपाळाला लावली. पिवळा भंडारा. बिरोबाचा का, असं त्यानं विचारलं. "नाही," ती म्हणाली, "कडोबाचा." त्याला हसू आलं, असला देव कधी ऐकला नव्हता म्हणून. "अहो, हसू नका. कड्यातनं कडी उमटलीय. कुकडीच्या घळीत."

वरचं मशीन थांबलं होतं. पूनम सांगत राहिली आणि त्याचं हसू तोंडावर तसंच वाळत गेलं. गेल्या भादव्यात म्हणे एक दिवस घळीतनं देवाची हाळी ऐकू आली. मेंढरं हाकताना जुने लोक देत तसली हाळी. रानात खुरपणाऱ्या बायांनी ऐकली, गावातले वडीलधारे म्हस्कू आप्पा, त्यांनी ऐकली, सगळ्यांनी. अनसा आत्या पहिल्यांदा गेल्या आणि त्यांना दिसलं, की पाण्यानं दगडात कोरलेल्या मोठ्या रांजणाच्या वर, नागव्या काळ्या दगडातनं एक चकचकीत कडी बाहेर आलीय. कुठं सांधा नाही, कुठं चुना नाही. आता तिथं माणसं नवस बोलतायत, आप्पांनी सप्ता बसवलाय, रविवारी काल्याचं कीर्तन घळीतच आहे. आणि आप्पांनी निरोप धाडलाय, की सुदर्शननं यायचंच, सबबी सांगायच्या नाहीत, घरचा देव आहे. शिवाय घळीत खालच्या अंगाला आणखी तीन कड्या निघाल्यात. "त्या कडोबाच्या बहिणी," पूनम म्हणाली, आणि फडकं आणायला आत गेली.

त्या तीन विश्वजीतच्या. त्या आपल्या नव्हेत, असं त्यानं स्वतःला ताबडतोब सांगितलं, आणि सांगितल्या सांगितल्या त्याला स्वतःची शिसारी आली. पहिली कुणाची होती? विश्वजीत हा त्याच्या हडपसरच्या ऑफिसातला, सुट्टीच्या दिवशी डोक्याला हेल्मेट घालून घळी उतरणारा, दोर, हुक आणि निथळणाऱ्या अंगांचे व्हिडिओ टाकणारा. सह्याद्रीतल्या घळी आता सगळ्यांना पाठ झाल्यात, नवीन काहीतरी दाखव, असं तो एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला होता. सुदर्शनला त्या ऑफिसात लागून बरीच वर्षं झाली होती, आणि आपले आजोबा मेंढरं राखत हे त्यानं तिथं कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. विचारलं तर 'शेती' म्हणायचं. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, आपल्याकडंही काहीतरी आहे हे दाखवायची उबळ आली, आणि त्यानं घळ दाखवली. जशी एखाद्यानं देवघरातली डबी पाहुण्यांना खेळायला द्यावी. पाऊस उघडलेला, पात्राला पाणी, आणि ते सहासातजण काठावर उभे. दोर बांधायला जवळपास झाड नव्हतं. जिथं ठोकायचं तिथलं शेवाळ विश्वजीतनं तारेच्या ब्रशनं खरवडून काढलं. हिरवं मखमलीसारखं शेवाळ लगद्यासारखं पाण्यात गेलं आणि खाली दगड दिसला, कुणाची तरी पाठ उघडी पडावी तसा. मशीन विश्वजीतच्या हातात होतं. सुदर्शननं ते मागून घेतलं. मी करतो, माझ्या गावचं आहे, असं म्हणाला. हे 'माझ्या गावचं आहे' नंतर त्याला झोपेत ऐकू यायचं. मशीन आधी घसरलं. दगडानं धरू दिलं नाही. मग त्यानं छातीचा जोर दिला. ज्या दगडाला पाण्यानं किती पिढ्या नुसतं गोंजारून, गोटे फिरवून फिरवून रांजण केले, त्या दगडात बोटभर भोक पडायला एक जांभई पुरली. विश्वजीत हसत म्हणाला होता, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही!" आणि सगळे हसले होते, त्यात तोही.

मग भोकात बोल्ट ठोकून कडी बसवली, तिच्यातून दोर खाली सोडला आणि कड्याच्या कपारीतून मातीचा चुरा पडायला लागला. आधी वाटलं, माती असेल. पाकोळ्यांची घरटी होती ती, चिखलाचा एकेक थेंब आणून वाटीसारखी चिकटवलेली, ओळीनं. दोर मागंपुढं घासत होता आणि वाट्या एकेक करून सुटत होत्या. एका वाटीबरोबर काहीतरी गुलाबी पडलं, पाण्यात पडलं, आणि कुणी काही बोललं नाही म्हणून तोही बोलला नाही. पाकोळ्या डोक्यावरून भिरभिरत होत्या. व्हिडिओत त्या सुंदर दिसल्या. आणि मग विश्वजीतनं खालून कॅमेरा धरून सांगितलं, की तुमच्याकडं काहीतरी ओरडतात ना, ते ओरड. म्हणजे त्याला कळलेलं होतंच, इतकी वर्षं. सुदर्शन दोरावर मागं झुकला आणि त्यानं आज्ज्याची हाळी दिली. प्रत्येक घराची हाळी निराळी. मेंढरांना आपल्या धन्याची तेवढी ओळखू येते. आज्ज्याची खालून सुरू व्हायची, घशात घोळायची, वर जायची आणि शेवटी फाटायची, कारण म्हातारपणी त्याचा आवाज फाटला होता. सुदर्शन लहानपणी ती शिकला ती फाटण्यासकट शिकला. घळीनं ती घेतली, फिरवली, दुप्पट करून परत दिली. अंगावर काटा आला होता. काय सुख झालं होतं! तेच सुख आता आठवलं की त्याला मान वर करवत नव्हती. आज्जा घळीत उतरताना कुऱ्हाड आणि लोकर कापायची कातर वरच्या बाभळीला अडकवून यायचा. खाली लोखंड न्यायचं नाही. का, असं विचारलं तर म्हणायचा, दगडाला इचारून आलो न्हाई आपन.

शनिवारी मोटरसायकलवरून चौफुला, न्हावरा करत ते दोघं निघाले तेव्हा त्याच्या खांद्याच्या पिशवीत पाना होता. पूनमला त्यानं काही सांगितलं नव्हतं. मनात एवढंच ठरवलं होतं, की रविवारी पहाटे कुणी उठायच्या आत घळीत जायचं, नट फिरवायचा, कडी काढायची आणि भोक चिखलानं बुजवायचं. मग देव जाईल. गेला तर गेला. आला तसा जाईल. दोन्ही बाजूंनी ऊस उभा होता आणि वाऱ्यानं त्याची पाती एकमेकांवर घासत होती. त्याला लहानपणीची कीर्तनं आठवत होती. अनसा आत्याच्या मांडीवर बसून ऐकलेली. आत्या लवकर विधवा होऊन भावाच्या घरी परतली होती, आणि आई रानात असायची म्हणून सुदर्शन आत्याच्याच अंगावर वाढला. बुवा दृष्टांत सांगायला लागले की आत्याची मांडी आपोआप हलायची थांबायची. त्यावरून त्याला कळायचं, आता ऐकायचं. खोटं बोललं की जिभेवर केस उगवतो, असं एका बुवांनी सांगितलं होतं, तेव्हा घरी आल्यावर त्यानं आत्याला जीभ दाखवायला लावली होती. गुळगुळीत होती. आत्या कधी खोटं बोललेली त्यानं पाहिली नव्हती. बाजारात वांगं किडकं असलं तरी ती सांगून विकायची, आणि लोक हसत हसत तेच घ्यायचे. शिरूर मागं पडलं. पाना पिशवीतून पाठीच्या मणक्याला लागत होता.

आत्या चुलीपुढं सप्त्याच्या सांज्याचा रवा भाजत होती. पूनम तिच्या आईकडं जाऊन येते म्हणून गेली. सुदर्शननं पिशवी भिंतीशी ठेवली, आत लोखंड वाजलं. आत्यानं उलथनं न थांबवता विचारलं,

"पाना आनलास व्हय?"

तो खाली बसला. जमिनीवरच बसला, पाटही ओढून घेतला नाही. रव्याचा वास खमंग व्हायला लागला होता. आत्या चुलीकडंच तोंड करून बोलत होती.

"हाळी वळखू येनार न्हाई व्हय रं मला? माझ्या बापाची हाळी. शेवटाला फाटती ती. मी कांद्याच्या वाफ्यात हुते. वाटलं, बा आला. मेलेलं मानूस हाळी देतंय म्हनून पळत सुटले मी. तर वरनं बघितलं, तू लोंबतुयास."

सुदर्शनला आपलं तोंड कुठं ठेवावं कळेना. ती पळत आली होती. बाप हाक मारतोय म्हणून, या वयात, नांगरटीतून. आणि वरून तिला काय दिसलं? हेल्मेट, रंगीत दोर, हसणारे लोक, आणि पाण्यात पडणारी घरटी. ती तशीच परत गेली होती. पुढचं तिनं तुटक तुटक सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हस्कू आप्पांनी घळ बघितली आणि त्यांचं डोकं फिरलं. पाकोळीची पिल्लं मारली, दगडाला लोखंड लावलं, ज्यानं केलं त्याच्या घरचा शिधा सप्त्यात घ्यायचा नाही, असं ते पारावर सगळ्यांदेखत म्हणाले. शिधा घ्यायचा नाही म्हणजे काय हे सुदर्शनला ठाऊक होतं. गावानं पंगतीतून पान उचलायचं. आणि मग कुणीतरी हाळीचं काढलं. हाळी कुणाची होती, अनसे, तुझ्या बापासारखी वाटली, असं आप्पांनीच विचारलं. सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"मग मी म्हनले, देवाची. एवढंच म्हनले. कडीचं मी काय बोलले न्हाई. कडीचं त्यांचं त्यांनीच केलं."

"आत्या, मी उद्या काढून टाकतो. नाहीतर आप्पांना सांगतो सगळं."

"सांग की. मग मी कोन ठरनार?" आत्यानं कढई उतरवली. "जन्मात एक खोटं बोलले ते देवाच्या नावावर. ते तरी ऱ्हाऊ दे माझं."

तिची जीभ त्याला दिसत नव्हती. त्याला वाटलं, आपण लहान असतो तर दाखवायला लावली असती.

पहाटे त्याला जाग आली तेव्हा आत्या आधीच उठून अंगणात उभी होती, जणू राखणीला. दिवस वर आल्यावर सगळं गाव घळीकडं निघालं. बाभळीपाशी आल्यावर आत्यानं त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि फांदीला अडकवली, आज्जा कुऱ्हाड अडकवायचा त्याच फांदीला. तो खाली उतरला आणि त्याला घळ ओळखूच येईना. चैतातलं पात्र कोरडं, नुसते काळे दगड आणि त्यात रांजण, गोल, खोल, कुणी फिरत्या चाकावर केल्यासारखे. त्यांच्या तळाशी हिरवं पाणी असायचं. आता पाणी पिवळं होतं, वर तेलाचा तवंग, त्यात नारळाच्या शेंड्या, उदबत्तीची कागदं, प्लास्टिकच्या पिशव्या. दगडावर नारळ फोडून फोडून पांढरे चट्टे पडलेले. कड्यावर पांढऱ्या रंगाचे बाण काढलेले होते, घळ उतरणाऱ्यांसाठी, खाली-खाली दाखवणारे. गावानं त्या बाणांनाही भंडारा लावला होता. आणि मधोमध, शेवाळ खरवडलेल्या जागी, त्याची कडी. हार घातलेली. भंडाऱ्याच्या थरानं जाड झालेली. तिच्यावरूनच काल्याची दहीहंडी दोरानं लोंबत होती. कपारीत घरट्यांच्या जागी ओळीनं मातीचे अर्धगोल डाग उरले होते. एक पाकोळी यायची, डागापाशी थबकायची आणि वळून जायची. परत यायची.

म्हस्कू आप्पांनी पखवाज गळ्यात घेतला होता. त्यांनी सुदर्शनला हातानं पुढं बोलावून बसवलं, मानाच्या जागी, पुरुषभर उंचीच्या सपाट दगडावर कांबळं टाकून. बुवा चांगले होते. आवाज भरदार, पण ओरड नाही. त्यांनी गवळण घेतली, मग गोपाळांच्या शिदोऱ्या सोडल्या, हसवलं, रडवलं. माणसं दगडावर टाळ्यांचा ठेका धरत होती आणि घळ तो ठेका उशिरानं परत देत होती. कितीही लाज असली तरी सुदर्शनचा पाय ठेका धरत होता; कीर्तन त्याच्या अंगातच तसं होतं. मग बुवा कडीकडं वळले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, की बाबांनो, दगडाला देवपण फुकट मिळत नाही, टाकीचे घाव सोसावे लागतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुदर्शनच्या पायाचा ठेका सुटला. तेच वाक्य. तिथंच. तेव्हा ते हसण्यावारी बोललेलं होतं आणि आता खरेपणानं, आणि दोन्ही वेळेला घाव घालणारा हात तोच, मानाच्या जागी, मांडीवर.

हंडी फोडायची वेळ झाली तसे आप्पा उठले. त्यांनी सगळ्यांना हातानं गप्प केलं. ज्या हाळीनं देव आला ती हाळी आज देवाला ऐकवायची, मग हंडी फोडायची, असं ते म्हणाले. आणि अनसाबाईच्या बापाच्या घराण्यात ती हाळी ज्याला येते असा आता एकच राहिलाय. "दे, सुदर्शन."

त्यानं आत्याकडं बघितलं. आत्या बायांत बसली होती, पदर तोंडाशी. तिनं मान हलवली नाही, हो नाही की नाही नाही. तो उभा राहिला. कांबळं संपून पाय उघड्या दगडावर आला. येत नाही म्हणता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं. एक खोटं त्याच्या नावावर होतं, ते आत्या वाहत होती. येत नाही म्हटलं तर दुसरं त्याला स्वतः बोलावं लागलं असतं. त्यानं तोंड उघडलं आणि हाळी दिली. खालून आली, घोळली, वर चढली आणि शेवटी फाटली. घळीनं ती फिरवून परत दिली. पखवाजावरचा आप्पांचा हात तसाच राहिला. बायांत कुणाचातरी हुंदका ऐकू आला. सगळ्यांनी ओळखली होती.

"हीच," आप्पा म्हणाले. "हीच ती."

आता. सुटलं, असं त्याला वाटलं. "आप्पा, त्या दिवशी मीच होतो. कडी मी ठोकलीय. मशीननं, दोर बांधायला. पाकोळ्यांची घरटी माझ्या दोरानं पडली. आत्यानं माझ्यासाठी..." तेवढ्यात तोंडाशी धरलेला आत्याचा पदर त्याला दिसला आणि त्यानं वाक्य तिथंच तोडलं. तो वाट बघत राहिला. आप्पांच्या शिवीची, काठीची, पंगतीतून उचललेल्या पानाची. ते सगळं त्याला हवं होतं, तहान लागल्यासारखं. आप्पांनी पखवाज गळ्यातून काढून खाली ठेवला. म्हाताऱ्याचे डोळे वाहत होते.

"ठोकनारा तू कोन रं बाबा?" ते म्हणाले. "त्यानं तुझ्या हातनं ठोकून घेतली. हाळी बी त्यानंच दिली. तू निमित्त."

आणि ते वाकले. कीर्तनात सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात, बुवा श्रोत्यांच्या, थोरले धाकट्यांच्या. तिथं पाय मागं घेणं म्हणजे माज. त्याला पाय मागं घेता आला नाही. आप्पांचं पागोटं त्याच्या पावलांवर टेकलं. मागून दुसरा आला, तिसरा आला, बाया आल्या. कुणी त्याच्या पायावर भंडारा टाकला, मग सगळेच टाकायला लागले. पूनम एका बाजूला उभी होती आणि त्याच्याकडं बघत नव्हती. ती वर कपारीतल्या डागांकडं बघत होती. तिला कळलं होतं. सगळ्या घळीत तिला आणि आत्याला तेवढं कळलं होतं. "मी खरं बोलतोय," असं तो अजून एकदा म्हणाला, पण तोवर हंडी फुटली आणि दह्याची चिळकांडी कड्यावरून रांजणात पडली, आणि 'कडोबाच्या नावानं चांगभलं' या गजरात त्याचं खरं कुणालाच ऐकू गेलं नाही.

मग आत्या उठली. गर्दीतून ती येताना दिसली आणि तो मनात जप केल्यासारखं एकच म्हणत राहिला, तिनं वाकू नये, एवढं तिनं करू नये. ती आली. वाकली. पण हात जोडले नाहीत. पदराचं टोक घेऊन तिनं त्याच्या पावलांवरचा भंडारा पुसायला सुरुवात केली. आधी एक पाय, मग दुसरा, बोटांच्या बेचक्यांतून, लहानपणी चिखल पुसायची तसा. लोकांना वाटलं असेल, ही पण पूजाच. पदर पिवळा झाला.

"झालं न्हवं तुझं सांगून?" ती हळूच म्हणाली. "उतर आता. दगड तापलाय."

खरंच तापला होता; इतका वेळ त्याला कळलंच नव्हतं. तळवे भाजत होते. कुणीतरी हात पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. तो वळला, पोट दगडाला टेकवलं, आणि दोराशिवाय खाली पाय सोडून चाचपडायला लागला. जरा खाली अंगठ्याला गुळगुळीत खाच लागली. ती पाण्यानं केलेली होती. दगडाला न विचारता तिच्यात पाय ठेवायला त्याला धीर होईना.